तबेला की लाडीगोडी

कोट शिवणाऱ्या बाईंना सगळे टाचणी म्हणत. तोंडावर टाचणीबाई, पाठ फिरली की नुसती टाचणी. सकाळी दुकान उघडलं की ती टाचण्यांची एक रांग ओठांत धरायची, ती थेट जेवायच्या वेळी काढायची. मधल्या काळात जे काही बोलायचं ते तोंड न उघडता. ओठ मिटून जी अक्षरं म्हणावी लागतात ती तिने दुकानापुरती टाकूनच दिली होती. ‘पाठ ताठ’ नाही, नुसतं ‘ताठ’. ‘पोट सोडा’ नाही, ‘श्वास सोडा’. गिऱ्हाइकाने फार बडबड केली तर नुसताच एक ‘हंऽऽ’, आणि त्या ‘हं’ला अशी धार की समोरचा माणूस न सांगता सरळ उभा राहायचा.

काम मात्र असं की बघत राहावं. आरशापुढे उभा केला की प्रत्येक पुरुष पोट आत घेतो. भलेभले घेतात. टाचणी त्यावर चकार शब्द काढायची नाही. टेप गळ्यात अडकवून विचारायची, ‘घरी कसं काय?’ गिऱ्हाईक घरचं रडगाणं सुरू करायचं, रडगाण्याच्या नादात पोट हळूच आपल्या जागी यायचं, आणि मग टेप फिरायची. हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते सांगायचे, माणूस बोलताना खोटा असला तरी श्वास सोडताना खरा असतो, माप तेव्हाच घे.

चेहरे तिच्या ध्यानात राहत नसत. रस्त्यात कुणी ‘ओळखलंत का?’ म्हटलं की ती आधी त्याच्या पाठीमागे जाऊन बघायची. ‘हां, तुम्ही मान पुढे काढून चालणारे!’ मग ओळख पटायची.

वाकड्याही आधी गिऱ्हाईक म्हणूनच आला होता. उजवा खांदा जिथे हवा तिथे, डावा चांगला खाली, जन्मापासून कुणी पाण्याची बादली धरायला लावल्यासारखा. इतर पोरी डोळ्यांवर भाळतात, आवाजावर भाळतात. टाचणी त्या उतारावर भाळली. आता ही काय भाळायची जागा झाली? पण कारागिराचं असंच असतं, सोपं काम दिसलं की त्याला जांभई येते. तिने त्याच्या कोटाच्या डाव्या खांद्यात कापूस आणि कॅनव्हास असा काही थरांवर थर बसवला की वाकड्या आरशात बघतच राहिला. ‘हा मी आहे?’ म्हणाला. ‘अर्धा,’ टाचणी म्हणाली. लग्न झालं. पुढचा त्याचा प्रत्येक कोट तिच्या हातचा. जगाला जो सरळ माणूस दिसायचा त्याचा डावा भाग घरीच तयार होत होता.

आणि या माणसाने काय करावं? वन्संच्या घरी सगळे जेवायला बसलेले. वन्सं म्हणजे वाकड्याची थोरली बहीण. कुणीतरी सहज म्हणालं, तुझी काय बाबा मजा, घरीच शिंपीण. तर हा भरल्या ताटावरून म्हणाला, ‘मजा कसली? हिच्या जवळ गेलं की मशीनच्या तेलाचा वास येतो. माणसाला घरी आल्यावर बायको लागते, कारखाना नाही.’

सगळं टेबल हसलं. वन्सं पाणी पिता पिता हसल्या, त्यांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला कोण उठलं? टाचणीच.

ते हसणं तिने जपून ठेवलं. जुन्या कोटाची बटणं कापून डबीत टाकतात तसं. वाकड्या पुढे दुसरीच्या नादाने घर सोडून गेला, रीतसर घटस्फोट झाला, लोक हळहळले आणि विसरलेही. टाचणी घराचं विसरली, माणसाचंही विसरली असती. टेबल विसरली नाही.

मग एके दिवशी दुकानाच्या दारात वन्सं उभ्या.

‘मी काही बोलत नाही हं, वहिनी, पण...’

वन्संचं प्रत्येक भाषण असं सुरू होई, आणि काही न बोलता त्या तासभर बोलत.

‘हंऽऽ?’ टाचणी म्हणाली.

‘आता तुमचं-आमचं नातं म्हणाल तर तुटलंय. तुम्ही मला दारातून हाकललंत तरी मी म्हणेन, वहिनींचं बरोबर आहे. पण त्याचं लग्न ठरलंय हो. आणि कोट होत नाहीये.’

टाचणीने टाचण्या काढून गादीत खोचल्या. ‘होत नाही म्हणजे काय?’

‘एकाने शिवला, तर तो हँगरचं एक टोक मोडल्यासारखा दिसतो. दुसऱ्याकडे दिला, त्याने डावीकडे इतका कापूस कोंबला की आता उजवीकडे कलंडलाय. आरशात बघून रडायचा राहिलाय फक्त. मला म्हणाला, ताई, तूच विचार. मी म्हटलं, अरे, मी कुठल्या तोंडाने विचारू? तर म्हणाला, आहे त्याच.’

‘आणि नवरी तीच ना?’

‘तीच. अत्तरांच्या मोठ्या दुकानात असते बघा, काचेच्या कपाटांमागे. आल्यागेल्याच्या मनगटावर फुस्स करते आणि मान वाकडी करून बघते.’

टाचणीने मनातल्या मनात तिचं नाव ठेवून टाकलं: फवारा.

‘मी काही बोलत नाही हं, पण नाक आहे की काय! परवा घरी आली, दारातच म्हणाली, ताई, तुमच्या फ्रीजमध्ये अर्धी कापलेली काकडी उघडी पडलीय. होती हो! आणि आपला हा! कालपर्यंत याला अंगाचा साबण कुठला नि कपड्याचा कुठला कळत नव्हतं. आता काय म्हणतो? म्हणे ऊद लावला नसेल तर पुरुष अपुरा. ऊद! मी आधी मांजर समजले.’

‘पाठवा त्याला,’ टाचणी म्हणाली.

वन्संचं तोंड उघडं ते उघडंच. त्या हातापाया पडायची तयारी करून आल्या होत्या. इतकी तयारी फुकट गेल्याचं वाईट वाटलं त्यांना. ‘वहिनी, मन आहे तुमचं की...’

‘मोठं आहे,’ टाचणी म्हणाली. ‘टेपमध्ये बसत नाही.’

वाकड्या आला. मापं तिला झोपेत पाठ होती, तरी तिने त्याला तासभर आरशापुढे ताटकळत ठेवला. तो आरशातल्या स्वतःशीच बोलत होता. ‘तू मनाला लावून घेतलं नाहीस हे बरं केलंस. आपण शिकलेली माणसं.’ मग नाक जरासं उडवून म्हणाला, ‘अजून तेच तेल घालतेस वाटतं मशीनला?’

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचला.

त्याच दुपारी तिने दुकानाला कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरच्या अत्तरवाल्या काकांकडे गेली. हे काका डोळे मिटून बोलत. गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्यांना पत्ता नसे. प्रत्येक अत्तर ते उपवर मुलीसारखं दाखवत: जात, स्वभाव, घराणं, आणि शेवटी एक सुस्कारा.

‘ऊद हवाय,’ टाचणी म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. ‘ऊद म्हणजे काय, बाई? झाडाचं दुखणं. अगराच्या झाडाला कीड लागते, बुरशी चढते. झाडाला बोलता येत नाही, ओरडता येत नाही. मग ते आतल्या आत राळ धरतं. काळी. वर्षानुवर्षं. त्या राळेचा हा वास. निरोगी झाड घ्या आणि चुलीत घाला, नुसता धूर. दुखावलेलं घ्या...’ सुस्कारा.

‘म्हणजे डूख धरून बसलेलं झाड.’

काकांनी एक डोळा उघडला. ‘असं कुणी म्हणत नाही.’

‘मी म्हणते. दाखवा.’

काकांनी दोन कुप्या काढल्या. पहिलीचं बूच काढलं मात्र, टाचणी मागे सरकली. ओलं गवत, घोड्याचं खोगीर, त्यावर न धुतलेला बोकड.

‘थांबा, पळू नका,’ काका मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. ‘हा जंगली. दारात शिव्या देतो, बराच वेळ देतो. मग हळूहळू निवतो आणि माणसाळतो. जाणकार याच्यासाठी वेडे होतात. पण जाणकार नसलेले,’ सुस्कारा, ‘खुर्ची बदलतात.’

‘आणि ही?’

दुसरी कुपी नाकाशी धरली तर काहीच नाही. टाचणीला वाटलं रिकामीच आहे.

‘गुलाबात मुरवलेला ऊद. ही बाई लाजाळू. कुपीत बोलत नाही, कापडावर बोलत नाही. अंगाची ऊब लागली की मग एकेक शब्द. आणि अंतर? कानात सांगितल्याइतकं. खांद्याला खांदा लागेल त्यालाच कळेल. बायका लावतात ही. ज्यांना मागे काहीतरी ठेवून जायचं असतं अशा बायका.’

‘काका, तुम्हाला कसं माहीत?’

या वेळी काकांनी दोन्ही डोळे उघडले आणि विषय बदलला.

टाचणीने दोन्ही कुप्या घेतल्या. दुकानात परत येईपर्यंत तिने दोघींची नावंही ठेवली: जंगली तो तबेला, गुलाबी ती लाडीगोडी. डाव्या मनगटावर तबेला लावला, उजव्यावर लाडीगोडी, आणि मशीनवर बसली. डावा हात कापड पुढे सरकवी, उजवा चाक फिरवी, आणि बाई आलटून पालटून दोन्ही मनगटं हुंगून बघे.

बेत तिचा साधाच होता. वाकड्याच्या डाव्या खांद्यात एवढा कापूस, त्याच्या मधोमध अत्तराचा एक फाया गेला तर कुणाच्या बापाला कळणार आहे? कोट हँगरवर असेतो थंड. अंगात घातला, दिवे लागले, माणसं जमली, घाम आला, की फाया तापणार. प्रश्न एवढाच होता की फाया कशात भिजवायचा.

तबेला! तिने डावं मनगट उचललं आणि डोळ्यांपुढे लग्नाचा हॉल उभा केला. नवरीचे काका मिठी मारायला येतात आणि अर्ध्यावरूनच हात जोडतात. पहिल्या रांगेतल्या बायका रुमाल काढतात. एखादं शेंबडं पोर मोठ्याने विचारतं, ‘आई, इथे बोकड आहे?’ आणि हॉल हसतो. जसं ते टेबल हसलं होतं, तसाच, पण सगळा हॉल! टाचणी एकटीच इतकी खदखदली की समोरून एक गिऱ्हाईक येत होतं ते परत गेलं. कदाचित हसण्याने नसेल. डाव्या मनगटाने असेल.

संध्याकाळी वन्सं डोकावल्या. डाव्या बाजूने आल्या तशा थबकल्या. ‘मी काही बोलत नाही हं, वहिनी, पण तुमची मोरी तुंबलीय का?’ आणि मशीनला वळसा घालून उजवीकडे आल्या तर, ‘अगंबाई! कुणी येऊन गेलं वाटतं? कोण? मला सांगा, मी कुणाला सांगायची नाही.’

टाचणीने ‘हंऽऽ’ केलं. मनात तबेला पक्का झाला.

मग ट्रायलचा दिवस आला. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता, बाह्या नुसत्या टाचलेल्या. वाकड्याबरोबर फवाराही आली. उंच, चटपटीत, आणि नाकपुड्या सतत कामावर. दुकानात पाऊल टाकताच म्हणाली, ‘लोकर, खडू, वाफ. छान आहे.’ आणि हे ती मनापासून म्हणाली. टाचणीला ते मुळीच आवडलं नाही. शत्रूने आपल्या घराला छान म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच, वर मिठाचं कौतुक.

वाकड्या आरशापुढे उभा राहिला. टाचणी त्याच्या मागे, तळहात त्याच्या डाव्या खांद्यावर. फवारा जवळ आली, त्याची कॉलर बघायला वाकली, आणि तिच्या नाकपुड्या थांबल्या.

‘आज कुणाबरोबर होतास?’

‘मी? कुणाबरोबर नाही. का?’

‘चंदनाचा साबण. आपल्या घरी चंदनाचा साबण नाही.’

‘अगं, लिफ्टमध्ये म्हातारे शेजारी होते. ते... ते फार आंघोळ करतात.’

आणि टाचणीच्या हाताखाली तो डावा खांदा उचलला गेला. थोडासाच. उजव्याच्या बरोबरीला आला. टाचणीने तळहात तिथेच ठेवला. तिला जे माहीत होतं ते या जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं: हा माणूस आयुष्यात फक्त खोटं बोलताना सरळ उभा राहायचा. तेव्हाच्या दिवसांत ‘ऑफिसात उशीर झाला’ म्हणायचा आणि त्याचा खांदा असाच वर यायचा. ती वेडी समजायची, आपलं शिवण बसलंय.

फवारा म्हणाली, ‘मला चालेल सगळं. पण माझ्या नाकाशी खोटं बोलू नकोस. मी नाकावरच जगते.’

‘वेडी आहेस,’ वाकड्या लाडाने म्हणाला. खांदा अजून वरच.

ती दोघं गेली. टाचणीने टाचण्या काढल्या, गादीत खोचल्या, आणि स्टुलावर बसली. तबेल्याने काय होणार? एक दुपार. लोक हसतील, हा घरी जाऊन आंघोळ करील, पुढे पाहुण्यांत गोष्ट सांगून स्वतःच हसवेल. असल्या माणसाची फजिती फार दिवस टिकत नाही, तो तिचा विनोद करून मोकळा होतो. आणि वर तबेला निवतो, माणसाळतो! चुकून एखादा जाणकार हॉलमध्ये असला तर वा वा करून जायचा.

लाडीगोडी मात्र निराळी. बाईच्या अंगावरचा वास, आणि कुठे? खांद्यावर. जिथे डोकं टेकतात तिथे. तो वास हॉलला कळणार नाही, फक्त एका नाकाला कळेल. आणि ते नाक काकडीसुद्धा सोडत नाही. मग ते नाक विचारील. रोज विचारील. नसलेल्या बाईचा हिशोब हा कुठून देणार? आणि असलेल्या बायांचा दिला तर उत्तमच.

यात फवाराही पोळणार होती. टाचणीने तेवढा विचार केला, अगदी नीट केला, सुईत दोरा ओवताना करतात तसा एक डोळा मिटून केला. आणि म्हणाली, पोळू दे.

लाडीगोडीचा फाया तिने कापसाच्या तिसऱ्या थरात ठेवला, वर कॅनव्हास, वर अस्तर, आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवला की स्वतःच्याच हाताचं तिला कौतुक वाटलं. रागात हात थरथरतात म्हणे. तिचे नाही थरथरले. इतका सुरेख खांदा तिने कधीच बसवला नव्हता.

लग्नाचं बोलावणं तिला अर्थातच नव्हतं. पण बोलावणं कशाला हवं, वन्सं होत्या की. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय न उघडतंय तोच त्या आत. स्टुलावर बसायच्या आधीच सुरू.

‘मी काही बोलत नाही हं, वहिनी, पण मी नेमकी मागेच उभी होते!’

‘हंऽऽ?’

‘फोटो काढत होते. दिवे असे की डोक्यावर ऑम्लेट व्हावं. आमच्या ध्यानाने तर ऊद अंगावर नुसता ओतलेला, त्याला स्वतःला काही कळायची सोयच नव्हती. फोटोवाला म्हणतो, मॅडम, सरांच्या खांद्यावर डोकं टेकवा. टेकवलं हो तिने. हसली. फोटोवाला म्हणतो, झालं, घ्या वर. ही वर घेईना! डोकं तिथेच. डोळे मिटलेले. मला वाटलं, बाई, किती प्रेम! मी रुमाल काढला. तर ही दात न उघडता, तुम्ही टाचण्या धरून बोलता ना, अगदी तशी, म्हणते, “ही कोण?”’

टाचणीच्या पायाखालचं मशीन थांबलं.

‘हा म्हणतो, “कोण?” ही म्हणते, “तुझ्या खांद्यावरची.” फोटोवाला म्हणतो, सर, हसा. आता, वहिनी, याने काय म्हणायला हवं होतं? काय बोलतेस, कुणी नाही, संपलं. हो की नाही? तर आमचं ध्यान हसत हसत, कॅमेऱ्याकडे बघत म्हणतं, “अगं, ती ऑफिसातली ना? ते केव्हाच संपलंय. परवा फक्त निरोप घ्यायला भेटलो.”’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण ते इतकं टिपूर असेल असं टाचणीलाही वाटलं नव्हतं.

‘मग?’ तिच्या तोंडातून दोन टाचण्या पडल्या.

‘मग काय, फोटोवाला म्हणाला, सुंदर, आता फॅमिली या. गेलो आम्ही सगळे. मी तिच्या शेजारी उभी. ती हसत होती. मी काही बोलत नाही हं, पण तसलं हसू मला कुणी हसून दाखवलं असतं तर मी आल्या पावली परत गेले असते.’ वन्संनी दुकानभर पाहिलं आणि आवाज खाली घेतला. ‘पण मला एक कळेना. चंदनाचा साबण लावणारी ती ऑफिसातली, तिला मी ओळखते. आणि नवरी म्हणत होती, हा वास तिचा नव्हे. हा कुणाचा?’

‘मला काय ठाऊक?’ टाचणी म्हणाली. ‘माझ्या नाकात तेल गेलेलं.’

त्या आठवड्यात ती मशीनवर बसून गाणी गुणगुणत असे, आणि टाचण्या तोंडात असल्याने ती गाणी उकळत्या किटलीसारखी ऐकू येत.

मग एका सकाळी फवारा आली. एकटी, हातावर तो कोट. टाचणीने कोटावरून तिला दारातच ओळखलं, पण पाय मशीनवरून काढले नाहीत.

फवाऱ्याने कोट टेबलावर पालथा घातला. डाव्या खांद्याचं अस्तर उसवलेलं होतं, कापूस जिभेसारखा बाहेर.

‘वास बाहेरून लागला असता तर वरच्या कापडाला आधी आला असता,’ ती म्हणाली. ‘कापड कोरं होतं. अंग तापेल तसा आतून येत गेला. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा मी उसवलं. तुम्हीच ना?’

आता खरी गंमत अशी की टाचणीला ‘नाही’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं की संशय कायमचा. तेच तर हवं होतं. हो म्हटलं तर तो सुटणार: बघ, मी म्हणत नव्हतो, जुनीने डाव साधला. सगळं शहाणपण ‘नाही’च्या बाजूचं होतं. पण इतकं सुरेख काम करायचं आणि ते आपलं नाही म्हणायचं? त्याला कधी कळूच नये की ही सुई कुणाची? मग तो बदला कसला, तो तर अपघात झाला.

तिने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, म्हणजे प्रत्येक अक्षर पूर्ण ऐकू जावं.

‘हो. मीच. माझ्या हातांनी.’

फवारा म्हणाली, ‘त्याचं समजू शकते. पण मी तुमचं काय वाकडं केलं होतं? तो मला म्हणाला होता, तुमचं केव्हाच संपलंय. तुम्ही मागच्या खोलीत मशीनपाशी, तो पुढच्या खोलीत.’

‘पलंग एकच होता,’ टाचणी म्हणाली.

फवाऱ्याने बाहेर आलेला कापूस बोटाने आत सारला.

‘तुम्हालाही पोळावं म्हणूनच घातला,’ टाचणी म्हणाली. ‘उगाच गोड बोलत नाही.’

‘पोळलं.’

‘मग जाऊन सांगा त्याला. माझं नाव घेऊन सांगा. कारखान्याने पाठवलंय म्हणावं.’

फवाऱ्याने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. पहिल्यांदाच तिच्या नाकपुड्या स्वस्थ होत्या.

‘सांगणार आहे. पण इतक्यात नाही.’

‘का?’

‘त्याला वाटतंय, मला सगळं कळलंय, मी फक्त त्याच्या तोंडून ऐकायला थांबलेय. फोटोत ऑफिसातलीचं नाव घेतलं. मी म्हटलं, हा वास तिचा नाही, आठव. तर जेवायच्या टेबलावर माझ्या मैत्रिणीचं घेतलं. माझ्या! समोरच बसली होती, पाणी वाढत. मी म्हटलं, हाही नाही. घरी गेल्यावर वरच्या मजल्यावरची. मी म्हटलं, जवळ आलास, पण नाही.’

टाचणीला हसू फुटायला लागलं. तिने ओठ मिटले, पण आता तोंडात टाचण्या नव्हत्या, धरायला काहीच नव्हतं.

‘बॅग माझी भरलेली आहे,’ फवारा म्हणाली. ‘खोलीही बघून ठेवलीय, दुकानाजवळ. त्याचं आठवून संपलं की तुमचं नाव सांगणार आणि निघणार. मधे तोडायचं जिवावर येतंय. बिचारा डोकं धरून बसतो, परीक्षेला बसल्यासारखा.’

‘अजून बरंच आहे?’

‘काय माहीत. आज सकाळी मी चहा गाळत होते. मागून येऊन अगदी हळू विचारतो, “शाळेतली धरायची का?”’

‘मग?’

‘म्हटलं, धर.’